एका गिअर बॉक्समधील तीन काळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या आमच्या घराच्या अंगणात एक लोखंडी पेटी उघडण्यात आली. ही पेटी म्हणजे एका जुन्या जीपगाडीचा गिअर बॉक्स. दोन पोती अंथरून त्यांवर वर्तमानपत्रे पसरली होती. बाजूला रॉकेलची परात, जुने दात घासायचे ब्रश, लाकडी मोगरी, पाने आणि स्टीलच्या ताटल्या. मदतीला आमचा अकरावीत शिकणारा भाचा होता. ओट्यावर खुर्ची टाकून अण्णा, म्हणजे आमचे वडील, सगळे पाहत होते. गाडी त्यांची. एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात त्यांनी ती १९८५ साली घेतली, आणि ती त्याआधी अठरा वर्षे सरकारी सेवेत होती.

तक्रार साधी होती. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी असताना पायाखालचा दाब कमी केला की गिअर आपोआप सुटायचा. पहिला गिअर टाकताना दातांवर दात आपटल्याचा करकर आवाज येई. एका परिचिताने सांगितले, ‘भंगारात घाला.’ १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या मोडीत निघू लागल्या आहेत, त्यामुळे अशा जीपचे सुटे भाग तूर्त मिळतात. पुढे तेही मिळणार नाहीत. म्हणून दुरुस्ती आत्ताच करायची ठरले.

पेटीचे भाग एकेक करून वर्तमानपत्रावर मांडले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या पेटीतील सर्व गिअर एकाच काळातील कल्पनांवर चालत नाहीत. पहिला आणि मागचा गिअर १८९० च्या दशकातील कल्पनेवर, तिसरा १८९९ च्या कल्पनेवर, तर दुसरा १९२८ च्या कल्पनेवर. जमिनीत उत्खनन करताना जसे थर सापडतात तसे हे थर एकाच आसेवर शेजारी शेजारी बसलेले होते. शिक्षकमित्रांना वर्गात उपयोग होईल म्हणून हा इतिहास त्या भागांच्याच आधाराने सांगतो.

जीप आपल्याकडे कशी आली?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. १९४० साली तिचे पहिले नमुने तयार झाले आणि १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलीजने तिची नागरी आवृत्ती काढली. त्याच वर्षी जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने माझगाव येथे विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जुळवायला सुरुवात केली. पुढे भागही इथेच बनू लागले.

मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. याच काळात, २ ऑक्टोबर १९५२ ला, देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. तालुक्याच्या गावी विकास गट आला, गटविकास अधिकारी आला आणि त्याच्याबरोबर जीप आली. हिवताप निर्मूलनाचे फवारे, देवीची लस, शेतीखात्याचे बियाणे, १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांची पाहणी, निवडणुकीच्या मतपेट्या हे सगळे या गाडीतून खेड्यांत पोचले. आमच्याकडे आजही अशा कोणत्याही उघड्या गाडीला कंपनी न पाहता ‘जीपडं’ म्हणतात.

हीच गाडी का चालली, याचे उत्तर मराठवाड्याच्या मातीत आहे. काळी माती कोरडी असताना दगडासारखी आणि भिजली की चाकाला लिंपून बसते. अशा वेळी गाडीला वेग नको असतो, जोर हवा असतो. तो जोर मिळतो गिअर बॉक्समधून.

जोर आणि वेग यांचा सौदा

पेट्रोल इंजिनाची एक अडचण आहे. बैल जागेवरून गाडी ओढताना सर्वांत जास्त जोर लावू शकतो. इंजिन मात्र काही वेगाने फिरत असल्याशिवाय जोरच देत नाही. म्हणून इंजिन वेगाने फिरवायचे आणि चाक हळू, अशी सोय मध्ये हवी. लहान चक्राने मोठे चक्र फिरवले तर फेरे कमी होतात आणि पीळ त्याच प्रमाणात वाढतो. ऊर्जा कुठून निर्माण होत नाही. वेग देऊन जोर घेतला जातो, इतकेच.

आमच्या जीपच्या गिअर बॉक्सला जाणकार ‘टी-९०’ म्हणतात. त्याची गुणोत्तरे अशी: पहिला गिअर २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा १, आणि मागचा ३.७९८. त्याच्या मागे आणखी एक पेटी असते, तिचा ‘लो’ गिअर २.४६ चा, आणि शेवटी चाकांच्या आसेवरील गुणोत्तर ५.३८. आता विद्यार्थ्यांना गुणाकार करायला सांगावा: २.७९८ × २.४६ × ५.३८ म्हणजे सुमारे ३७. चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे ३७ फेरे! चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना गाडी मिनिटाला ५९ मीटर जाईल, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर. माणसाच्या चालीपेक्षाही कमी. पण चिखलातून बाहेर पडायला हीच चाल लागते. तिसऱ्या गिअरमध्ये, ‘लो’ न वापरता, इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी ताशी सुमारे साडेचोवीस किलोमीटर धावते.

दातांवर दात अडकवून गती देणे ही कल्पना आपल्याकडे मोटारीबरोबर आलेली नाही. कापसातून सरकी काढण्याची लाकडी चरखी आठवावी. तिच्या दोन रुळांच्या टोकांना स्क्रूसारखे तिरके आटे कोरलेले असत. एक रूळ फिरवला की दुसरा आपोआप उलटा फिरे. मोगल काळापासून अशा आट्यांची चरखी भारतात वापरात होती. कापसाच्या या मुलखात जीप येण्याच्या कितीतरी आधी घरोघरी एक साधा गिअर होता. पुढे लोखंडी दातांचा उसाचा चरकही आला. लातूरकरांसाठी तर आणखी सोपे उदाहरण आहे. आमची गंजगोलाई म्हणजे सोळा रस्ते फुटलेले वर्तुळ. नकाशावर पाहिली तर ती सोळा दातांच्या चक्रासारखी दिसते.

चरखीला आणि चरकाला एकच गुणोत्तर पुरते. मोटारीला पुरत नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी पती कार्ल यांच्या नकळत, दोन मुलांना घेऊन, त्यांची मोटारगाडी मानहाइमहून फोर्झहाइमला सुमारे शंभर किलोमीटर चालवत नेली. चढावर गाडी दम टाकी आणि मुलांना उतरून ढकलावे लागे. परतल्यावर त्यांनी चढासाठी आणखी एक गिअर हवा असे सुचवले, असे सांगतात. म्हणजे गिअरची मागणी कारखान्यातून आली नाही. रस्त्यावर गाडी ढकलणाऱ्यांकडून आली.

पहिला थर: सरकते चक्र

आता वर्तमानपत्रावरील भागांकडे येऊ. पेटीत मुख्य आसेवर एक जाड, सरळ दातांचे चक्र असते. ते आसेवर पुढेमागे सरकते. पुढे सरकवले की खालच्या आसेवरील, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘लेशाफ्ट’वरील, लहान चक्राशी जुळते आणि पहिला गिअर पडतो. मागे सरकवले की मध्ये बसवलेल्या एका तिसऱ्या चक्राशी जुळते आणि गाडी मागे जाते. मध्ये एक चक्र वाढले की फिरण्याची दिशा उलटते, हे विद्यार्थ्यांना पुठ्ठ्याच्या तीन चक्रांनी दाखवता येईल.

चक्रच सरकवून दुसऱ्या चक्रात घुसवायचे ही रचना मोटारीत आणण्याचे श्रेय फ्रान्समधील एमिल लेव्हासोर आणि रेने पानार यांना दिले जाते. काळ १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. पद्धत राकट आहे पण काम होते, अशा अर्थाचे उद्गार लेव्हासोर यांच्या नावावर सांगितले जातात. राकट अशासाठी की दोन चक्रे वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना दात एकमेकांत घुसवायचे म्हणजे टक्कर होणारच.

ही टक्कर टाळायचे काम यंत्राने नव्हे, तर माणसाने करायचे होते. क्लच दाबायचा, गिअर काढायचा, क्लच सोडायचा, कानाने इंजिनाचा आवाज ऐकत वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मगच गिअर टाकायचा. याला ‘डबल क्लच’ म्हणतात. निझाम स्टेट रेल्वेच्या रस्ता वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ अल्बियन बसगाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली. सरकारी बससेवेचा देशातील हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. पुढे मराठवाड्याची ही सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटीत सामील झाली. त्या पिढीतील चालकांना डबल क्लच आल्याशिवाय गाडी हाती मिळत नसे, आणि १९७०–८० च्या दशकांतही अनेक ट्रक-बसगाड्यांवर हे कसब लागेच. कानाने फेरे ओळखणाऱ्या या माणसांचे नाव गिअर बॉक्सच्या इतिहासात कुठे येत नाही. पण गिअरचे दात वर्षानुवर्षे टिकले ते त्यांच्या कानांमुळे.

दुसरा थर: सरळ आस

तिसरा गिअर हा खरे तर गिअर नाहीच. त्यात पुढची आस आणि मागची आस एकमेकींना थेट जोडल्या जातात. जोर कोणत्याही दातावरून जात नाही.

ही कल्पना लुई रेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाची. २४ डिसेंबर १८९८ च्या संध्याकाळी त्याने आपली छोटी गाडी पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील र्‍यू लेपिक या चढाच्या रस्त्यावर चालवून दाखवली आणि त्याच बैठकीत त्याला गाड्यांच्या मागण्या मिळाल्या. पुढच्या वर्षी त्याने एकस्व घेतले. दातांच्या प्रत्येक जोडीत थोडी ऊर्जा घर्षणात जातेच. सपाट रस्त्यावर तासन्‌तास ती वाया घालवण्याऐवजी आसच सरळ जोडली तर? इतका साधा विचार. आमच्या पेटीत तिसऱ्या गिअरचे भाग जवळजवळ नव्यासारखे निघाले, यात नवल नाही.

तिसरा थर: पितळी कडे

दुसऱ्या गिअरची दोन चक्रे नेहमीच एकमेकांत अडकलेली असतात. त्यांचे दात तिरके आहेत, त्यामुळे आवाज कमी होतो. मात्र वरचे चक्र मुख्य आसेवर मोकळे फिरते. गिअर टाकणे म्हणजे त्या मोकळ्या चक्राला आसेशी बांधणे.

बांधण्याआधी दोघांचे वेग जुळायला हवेत. किती? समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. मुख्य आस ३,००० भागिले २.७९८ म्हणजे सुमारे १,०७२ फेऱ्यांनी फिरते. त्याच क्षणी दुसऱ्या गिअरचे मोकळे चक्र ३,००० भागिले १.५५१ म्हणजे सुमारे १,९३४ फेऱ्यांनी फिरत असते. मिनिटाला ८६२ फेऱ्यांचा हा फरक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिटवायचा आहे.

हे काम माणसाच्या कानाकडून काढून घर्षणाकडे देण्याची युक्ती अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याची. १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम आली. तिचे नाव सिंक्रोमेश. आजचे तिचे रूप पुढच्या काही वर्षांत अनेकांच्या सुधारणांतून घडले. चक्राच्या अंगाला निमुळता शंकू असतो आणि त्यावर आतून तसेच निमुळते असलेले पितळी कडे बसते. मिस्त्री त्याला ‘सिंक्रो रिंग’ म्हणतात. गिअरचा दांडा ढकलला की कडे शंकूवर दाबले जाते आणि घर्षणाने दोघांचे वेग जुळतात.

शंकूच का? वर्गात दोन सारखे स्टीलचे पेले एकात एक घालून किंचित दाबावेत. सुटता सुटत नाहीत, हा प्रत्येक घरचा अनुभव आहे. बाजू जितकी कमी निमुळती, तितका पाचरीचा परिणाम जास्त. बाजूचा कल सात अंशांचा असेल तर १ किलोच्या दाबाने पृष्ठभागावर सुमारे ८ किलोचा लंब दाब पडतो. कल आणखी कमी केला तर जास्त पकड मिळेल, पण मग कडे पेल्यांसारखे अडकूनच बसेल. म्हणून मध्यममार्ग.

कड्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक दाते असतात आणि त्यांची टोके तिरकी कापलेली असतात. वेगांत फरक असेपर्यंत घर्षण कड्याला एका बाजूला ओढून धरते, तेव्हा हे दाते सरकत्या बाहीच्या वाटेत आडवे उभे राहतात. वेग जुळले की ओढ संपते, कडे जरासे फिरते आणि वाट मोकळी होते. म्हणजे वेग जुळल्याशिवाय गिअर पडूच द्यायचा नाही, असा हा पहारेकरी आहे. आमच्या जीपमध्ये तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला आहे, पहिल्याला नाही. म्हणून पहिला गिअर गाडी थांबल्यावरच टाकायचा.

नांदेडची फेरी

आम्हाला वाटले, दुसरा गिअर सुटतो म्हणजे दुसऱ्या गिअरची कडी आणि बाही बदलली की झाले. मुख्य आस सगळ्या चक्रांसह गोणपाटात गुंडाळली आणि अहमदपूर, लोहा या मार्गाने एसटीने नांदेड गाठले. तिथे जीपचे काम पन्नास वर्षे करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी आस हातात घेतली, चक्रे फिरवून पाहिली आणि विचारले, “लेशाफ्ट कुठाय?”

ती घरीच होती.

“सर, दुसरा सुटायलाय म्हणून दुसराच बदलला तर महिन्यात पुन्हा सुटंल. आधी लेशाफ्ट बघा.”

घरी येऊन पाहिले. लेशाफ्टवर, जिथे सुईसारखी बारीक बेअरिंगे फिरतात, तिथे पोलादावर टोचल्यासारखे खड्डे पडले होते. आता कारण उलगडले. तिरक्या दातांची चक्रे एकमेकांना फक्त फिरवत नाहीत, आसेच्या दिशेने ढकलतातही. खालची आस झिजल्याने तिच्यावरील चक्रे किंचित कलत होती, दात वाकडे जुळत होते आणि हादऱ्यांनी बाही हळूहळू मागे सरकून निसटत होती. आजार वरच्या आसेवर दिसत होता, मूळ खालच्या आसेत होते. आम्ही धातूंच्या झिजेवर संशोधन करतो, पण हे निदान मिस्त्रींनी आस न पाहता केले.

पुढच्या फेरीत लेशाफ्ट, तिच्या सुया, दोन्ही बाजूंचे वायसर, दोन पितळी कडी आणि बाही एवढे सामान घेतले. तेलाबद्दलही त्यांनी बजावले. आम्ही नेलेला डबा मागच्या आसेच्या गिअरसाठीचा होता. अशा काही तेलांत दातांच्या रक्षणासाठी गंधकयुक्त रसायने जास्त असतात आणि ती तांब्याच्या मिश्रधातूंना बाधतात. मिस्त्रींचे वाक्य इतकेच होते, “त्यानं पितळ काळं पडतं.” रसायनशास्त्राच्या तासाला हे उदाहरण जरूर सांगावे.

जोडणीत एक चूक आमच्याकडून झाली. लेशाफ्टच्या सुया ग्रीसने चिकटवून बसवायच्या असतात आणि खरी आस आत जाईपर्यंत त्या पडू नयेत म्हणून तात्पुरता लाकडी दांडा घालायचा असतो. तो आम्ही शेजारच्या सुताराकडून सागवानाचा कातून घेतला. सगळे बसवले, झाकण लावले, आणि भाच्याने ताटलीकडे बोट दाखवले. ताटलीत एक सुई शिल्लक होती. पूर्ण पेटी पुन्हा उघडावी लागली. खोलताना सुया मोजून वहीत लिहिल्या असत्या तर दीड दिवस वाचला असता. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना जे रोज सांगतो, तेच अंगणात विसरलो.

दात काय सांगतात?

पहिल्या गिअरच्या सरकत्या चक्रावरून मात्र घरात वाद झाला. त्याच्या दातांच्या कडा तुटलेल्या होत्या. अण्णा म्हणाले, “हे किल्लारीचं.”

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र संपत होती. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. नंतरच्या दिवसांत पाऊस लागला आणि वाटा चिखलाच्या झाल्या. अण्णा औशाहून किल्लारी आणि आसपासच्या गावांत याच जीपमधून पाणी, भाकरी, घोंगड्या नेत होते. चिखलात थांबले की गाडी रुतणार, म्हणून न थांबता, चालत्या गाडीत पहिला गिअर घुसवावा लागे. दात तेव्हा तुटले, असे ते तीस वर्षे सांगत आले आहेत.

आम्ही भिंगाखाली दात पाहिले. तीन गोष्टी दिसल्या. एक, तुटफूट फक्त दातांच्या त्या टोकाला आहे जे टोक दुसऱ्या चक्रात आधी शिरते. म्हणजे गाडी चालत असताना गिअर टाकला गेला हे नक्की. दोन, काही तुटलेल्या कडा घासून गुळगुळीत आणि चमकदार झाल्या आहेत, तर काही अजून धारदार आहेत. म्हणजे हे एका दिवसात किंवा एका आठवड्यात घडलेले नाही. तीन, दातांच्या बाजू शाबूत आहेत. अशा गिअरच्या पृष्ठभागात कर्ब मुरवून त्याला कठीण कवच दिलेले असते. मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे कानस फिरवून पाहिली. बाजूंवर ती घसरते. तुटलेल्या कडांवर मात्र पकडते, कारण तिथे कवच गेले आहे.

एवढ्यावरून किल्लारीचा पुरावा मिळतो का? नाही. खोटेपणाचाही मिळत नाही. त्याआधीच्या अठरा वर्षांत घाईत असलेल्या सरकारी चालकांनीही हेच केले असेल, नंतर आम्हीही केले आहे. दातावर तारीख नसते. इतिहासाची वस्तू काय घडले ते बऱ्याचदा सांगते, केव्हा आणि कोणासाठी हे मात्र सांगत नाही. त्यासाठी माणसाची आठवण लागते, आणि आठवणीला पडताळा लागतो. हे आम्ही अण्णांना सांगितले. ते थोडे नाराज झाले. मग म्हणाले, “दात सांगतात तेवढं तुम्ही लिहा. बाकीचं मी सांगतो.” भाच्याने त्याच संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडून त्या दिवसांची हकिकत लिहून घेतली: गावे, वाटा, सोबतची माणसे, परतायची वेळ. ही वही आता घरी आहे.

ते चक्र आम्ही बदलले नाही. दातांच्या बाजू चांगल्या असल्याने धारदार कडा दगडावर घासून तेच परत बसवले.

जवळच्या गॅरेजमध्ये जा

विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत बदलते गिअर नसतात, कारण विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर देते. बर्था बेंझ यांना भेडसावलेला प्रश्न तिथे मुळातच उरत नाही. त्यामुळे हाताने गिअर टाकण्याचा इतिहास एका पिढीत संपू शकेल. संशोधकांची नावे एकस्वांत आहेत. दुरुस्ती करणाऱ्यांचे ज्ञान कुठेही लिहिलेले नाही. ते मिस्त्रींच्या हातात आणि कानात आहे.

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या गॅरेजमध्ये जावे आणि मोडीतला एखादा गिअर मागावा. सहसा कोणी नाही म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी दात मोजावेत, गुणोत्तर काढावे, झीज कोणत्या बाजूला आहे त्याचे चित्र काढावे आणि त्यावरून गिअर कसा वापरला गेला असेल ते लिहावे. मग मिस्त्रींना विचारावे, तुम्ही हे काम कोणाकडून शिकलात? आवाजावरून बिघाड कसा ओळखता? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावीत.

जीप जुळवून झाल्यावर अण्णांनी ती स्वतः औसा रस्त्यावर काढली. दुसरा गिअर उतारावरही सुटला नाही. परतताना फाटकाशी वळण घ्यायला त्यांनी गाडी पूर्ण थांबवली, क्षणभर वाट पाहिली आणि मग पहिला टाकला. आवाज आला नाही.